मान्यवरांची नावं छापली, पोरींची राहिली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. पत्र लांब होणार आहे, आधीच सांगतो.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात शालेय खो-खोची बातमी आली, जिल्हास्तर, १७ वर्षांखालील मुली. फोटो चांगला तीन कॉलम. पुढं अकरा मान्यवर, मधल्या साहेबांच्या हातात ढाल, आणि मागच्या रांगेत टाचा वर करून उभ्या राहिलेल्या पोरी, त्यातल्या दोघींचं तर नुसतं कपाळ दिसतंय. खाली अकराच्या अकरा मान्यवरांची नावं हुद्द्यासकट, आणि पोरींबद्दल काय तर 'विजयी संघासह'. बास. आता मी स्वतः ३४ वर्षं क्रीडा शिक्षक होतो, असल्या बातम्या मीच फुलस्केपवर लिहून तालुक्याच्या वार्ताहराकडं पोच केल्यात, मान्यवरांपैकी एकाचं नाव राहिलं तर दुसऱ्या दिवशी कसे फोन येतात ते मला चांगलं ठाऊक आहे, त्यामुळं सगळं खापर पेपरवर फोडत नाही. माझ्या हातूनही कितीतरी पोरापोरींची नावं अशीच राहिलीत. तेव्हा कधी काही वाटलं नाही. यावेळी मात्र ते 'विजयी संघासह' डोळ्यात खुपलं, त्याला कारण म्हणजे मी एक अख्खा सीझन कॅनडात ज्युनियर आइस हॉकी बघून आलोय. हसू नका.

मुलगा किचनरला असतो, टोरांटोपासून शंभरेक किलोमीटर. सप्टेंबर २०२४ ला आम्ही दोघं नातवाला सांभाळायला म्हणून गेलो ते मे महिन्यात परत आलो. शेजारी एक बाई राहतात, रिटायर्ड नर्स, एकट्याच. पण त्यांच्या दारात रोज एक ताडमाड पोरगा दिसायचा, सोळा वर्षांचा, खांद्यावर त्याच्याएवढीच मोठी बॅग. मला वाटलं नातू असणार. तर नातू नाही, नात्यागोत्याचाही नाही. तिथं याला बिलेट म्हणतात. म्हणजे टीमनं दुसऱ्या गावचं पोरगं निवडलं की किचनरमधलं एखादं कुटुंब त्याला सीझनभर घरात ठेवून घेतं, खाण्यापिण्यापुरते थोडे पैसे टीमकडून मिळतात, पण पैशासाठी कुणी हे करत असेल असं वाटत नाही कारण त्या पोराचं जेवण मी बघितलंय. आपल्याकडं जुन्या काळी पोरं वार लावून शिकायची ना, तसंच, फक्त इथं सातही वार एकाच घरी. पोराचं नाव-गाव लिहीत नाही, अजून शाळेत आहे तो.

लीगचं नाव ओंटारियो हॉकी लीग, सगळे ओएचएल म्हणतात. २० टीम, त्यातल्या १७ ओंटारियोत आणि ३ बॉर्डरपलीकडं अमेरिकेत, ईरी, फ्लिंट आणि सॅगिनॉ. पोरं साधारण १६ ते २० वयाची. एकेका टीमला ६८ मॅच, निम्म्या घरी निम्म्या बाहेर, सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत, आणि मग प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या. अशा मोठ्या तीन लीग आहेत, तिघांचे चॅम्पियन आणि यजमान टीम मिळून शेवटी मेमोरियल कप खेळतात. तो कप १९१९ पासून आहे, पहिल्या महायुद्धात गेलेल्या कॅनडाच्या सैनिकांच्या नावानं. आमच्या किचनरच्या टीमनं, म्हणजे किचनर रेंजर्सनी, तो १९८२ ला आणि २००३ ला जिंकला. २००८ ला स्पर्धा किचनरमध्येच होती, फायनलला रेंजर्स अमेरिकेतल्या स्पोकेनच्या टीमकडून हरले, आणि स्पोकेनची पोरं कप एकमेकांच्या हातात देत होती तेवढ्यात कपच तुटला, वरचा भाग एकाच्या हातात आणि खालचा दुसऱ्याच्या. नशीब तो डुप्लिकेट होता. शेजारच्या बाई हे सांगताना अजून हसतात, हरलेल्या गावाला तेवढंच समाधान.

आणि एक गंमत म्हणजे या टीमला मालक नाही. सीझन तिकीट घेणारे लोकच सभासद, तेच बोर्ड निवडतात. मुलानं हे सांगितल्यावर मी म्हटलं अरे म्हणजे हा सहकारी कारखानाच झाला की. फक्त निवडणुकीत पॅनल, कपबशी, विमान असलं काही बघायला मिळालं नाही.

मैदानाला 'द ऑड' म्हणतात, मेमोरियल ऑडिटोरियम, १९५१ ची बिल्डिंग, शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता मॅच आणि सात हजार माणूस. सोळा-सतरा वर्षांची पोरं बघायला सात हजार! पहिल्या मॅचला मला तो पक दिसलाच नाही. रबराची काळी चकती, तीन इंच रुंद एक इंच जाड, मॅचच्या आधी बर्फात थंड करून ठेवतात म्हणजे उसळत नाही. लोक ओरडले की मी त्यांच्या माना बघून अंदाज घ्यायचो कुठं आहे ते. चार-पाच मॅचनंतर नजर बसली. मग कळलं की हे आपल्या खो-खोसारखं आहे. एक पोरगं चाळीस-पंचेचाळीस सेकंद जीव तोडून पळतं आणि कडेच्या फळीवरून उडी मारून आत, दुसरं बाहेर, खेळ चालूच. दमलेल्यानं आत यायचं आणि ताज्यानं उठायचं हे ज्याला वेळेवर जमलं त्याची टीम बरी खेळते, बाकी ताकदबिकद नंतर.

आता मुद्द्याचं. गोल झाला की मोठा भोंगा वाजतो, लोक उभे राहतात, आणि आरडाओरडा ओसरला की अनाउन्सर सावकाश सांगतो, गोल कुणी केला, त्याला पास देणारे एक-दोघं कोण, आणि नेमका वेळ किती. एका गोलाला तीन-तीन नावं. पास देणाऱ्याला असिस्ट म्हणतात आणि त्याच्या खात्यावर गोलाइतकाच एक पॉइंट चढतो. मी नातवाच्या चित्रकलेच्या वहीत मागच्या बाजूनं हे सगळं लिहून घ्यायला लागलो, सवय जात नाही. आणि लिहिता लिहिता एकदम माझ्या डोक्यात आलं की आपल्याकडं खो-खोत गडी बाद करणारीचं नाव स्कोअरशीटवर येतं, पळती करणारीची मिनिटं-सेकंद येतात, पण जिनं अचूक वेळेला खो दिला म्हणून तो गडी मिळाला तिची कुठं नोंद? ३४ वर्षं शिट्टी वाजवली, मला हे कधी सुचलं नव्हतं.

मॅच संपल्यावर तिघांना स्टार म्हणून बोलावतात, हरलेल्या टीमचाही त्यात असू शकतो. दुसऱ्या दिवशी सगळा हिशोब छापून हजर, गोल, असिस्ट, कुणाला किती मिनिटं बाहेर काढलं, कशासाठी काढलं, गोलकीपरनं किती शॉट अडवले, प्रेक्षक किती. सोळा वर्षांच्या पोराची चूकसुद्धा नावानिशी. शेजारच्या पोराचं नाव पहिल्यांदा असिस्टमध्ये आलं तेव्हा बाईंनी तो कागद फ्रिजला मॅग्नेटनं लावला, मे महिन्यात आम्ही निघालो तोवर तिथंच होता, एका कोपऱ्यावर टोमॅटो सॉसचा डाग.

त्या पोराचं आणि माझं बरं जमलं. माझं इंग्रजी म्हणजे शाळेच्या सर्क्युलरपुरतं आणि तो मुळात बोलायचाच कमी. गॅरेजच्या पायरीवर बसून स्टिकला काळी टेप गुंडाळायचा, टाचेकडनं टोकाकडं, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढलेला, मग मेणाची वडी घेऊन वरनं घासायची. मी शेजारी खुर्ची टाकून बघत बसायचो. एकदा त्यानं माझ्या हातात दिली, मी गुंडाळली, मला तरी चांगली वाटली. त्यानं बघितली, थँक्यू म्हणाला, आणि मी घरात गेल्यावर सगळी सोडून परत गुंडाळली, मी खिडकीतनं बघितलं. ग्लोव्हज आणि पॅड गॅरेजमध्ये वाळत टाकलेली असायची, त्या वासाचं वर्णन पेपरात करत नाही. मॅचच्या दिवशी दुपारी तो दीड ते तीन झोपायचा, पडदे ओढून, आणि त्या वेळात आमच्या ओळीतलं कुणी बाईंच्या दारची बेल वाजवायचं नाही. आमच्या हिनं एकदा न कळून वाजवली, डब्यात कोथिंबीर वड्या घेऊन गेली होती. बाईंनी ओठावर बोट ठेवून दार उघडलं. वड्या मात्र उठल्यावर त्यानं सगळ्या खाल्ल्या.

सगळं गोड नाही, तेही लिहितो. नोव्हेंबरमध्ये त्याला सलग काही मॅच बसवलं. स्क्रॅच म्हणतात. म्हणजे दुखापत नाही, काही नाही, फक्त आज तू नाहीस. सूट-टाय घालून वर गॅलरीत बसायचं आणि आपल्या जागेवर दुसरा खेळतोय ते बघायचं. घरापासून लांब, वय सोळा. त्या आठवड्यात गॅरेजमध्ये टेपचा आवाज आला नाही. शिवाय हाणामारी आहेच, ग्लोव्हज टाकून समोरासमोर ठोसे, रेफरी बाजूला उभे. त्याला पाच मिनिटं बाहेर आणि सीझनमध्ये ठराविक संख्येच्या वर मारामाऱ्या केल्या तर सस्पेन्शन, असे नियम आता केलेत, पूर्वीपेक्षा कमी झालंय म्हणतात, पण गोलाला उठतात तसेच लोक मारामारीलाही उठतात हे मी डोळ्यानं बघितलंय. माझ्यातला मास्तर तिथं बसल्या जागी शिट्टी शोधायचा.

आणि जानेवारीतली अदलाबदल. ट्रेडची मुदत असते, त्याच्या आत टीम आपसात पोरं बदलतात. ज्याच्याबरोबर हा रोज शाळेत जायचा तो एक दिवस दुपारी गेला, दुसऱ्या टीमला, दुसऱ्या गावाला, दुसऱ्या घरी. वर्गाची पुस्तकं याच्याकडंच राहिली. बदल्यात काय मिळालं विचारलं तर एक खेळाडू आणि पुढच्या ड्राफ्टचे, म्हणजे टीमनी नवी पोरं निवडायच्या पाळीचे हक्क, त्यातला एक २०२८ चा. आता हिशोब करा, २०२५ च्या ड्राफ्टला २००९ साली जन्मलेली पोरं, म्हणजे २०२८ ला २०१२ ची. बारा वर्षांचं पोरगं, ज्याचं नावही अजून कुणाला माहीत नाही, त्याचा हक्क आज विकला. ऊस अजून लागण व्हायचाय आणि कारखान्याला नोंद झाली. मुलगा म्हणाला बाबा इथं असंच असतं. असेल. आइस हॉकीतला सगळ्यात नावाजलेला खेळाडू वेन ग्रेट्झ्की १६ वर्षांचा असताना १९७७ ला सू सेंट मेरीला याच लीगमध्ये खेळायला गेला, त्याला ९ नंबर पाहिजे होता, तो दुसऱ्याकडं होता म्हणून शेवटी ९९ घेतला, ही गोष्ट तिथं प्रत्येकजण सांगतो. पण ग्रेट्झ्की एकच झाला. बाकीच्यांसाठी बरं एवढंच की जितके सीझन खेळाल तितक्या वर्षांची कॉलेजची फी आणि पुस्तकं लीग देते, आणि त्याच हिवाळ्यात अमेरिकेतल्या कॉलेजांनीही या पोरांना दार उघडायचं ठरवलं, पूर्वी या लीगमध्ये खेळलं की तिकडं कॉलेज हॉकी बंद असायची.

बसचं एक सांगायलाच पाहिजे. सू सेंट मेरी किचनरपासून सातशे किलोमीटरच्या वर, हिवाळ्यात, बर्फात, बसनं. पोरगं अशा ट्रिपला गेलं की बाई रात्री दिवाणखान्यातला दिवा चालू ठेवायच्या. मी एकदा विचारलं तर त्या फक्त 'हम्बोल्ट' म्हणाल्या. मला मुलानं समजावलं. ६ एप्रिल २०१८ ला सस्कॅचवानमध्ये हम्बोल्ट ब्रॉन्कोज या ज्युनियर टीमची बस प्लेऑफच्या मॅचला चालली होती, स्टॉप साइनला न थांबता आडव्या आलेल्या ट्रकवर ती आदळली, १६ जण गेले, १३ जखमी. लीग वेगळी पण वयं हीच. ट्रक चालवणारा आपल्याकडचा तरुण मुलगा, नुकताच कामाला लागलेला, त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा देशभर लोकांनी रात्री दाराबाहेर हॉकी स्टिक ठेवल्या होत्या. हे ऐकलं आणि मला आमचा टेम्पो आठवला. कबड्डीला चिपळूणला, कुंभार्ली घाटातनं, मागं अठरा पोरं गाणी म्हणत, वर ताडपत्री, पावसात. एकदा नाही, कितीतरी वर्षं. पोरं घरी पोचली हे माझं नशीब, माझी हुशारी नव्हे.

जरा हलकं सांगतो. डिसेंबरात टेडी बेअरची मॅच असते, आपल्या टीमचा पहिला गोल झाला की सगळ्या लोकांनी मैदानात सॉफ्ट टॉय फेकायचे, ते गोळा करून गरजू पोरांना देतात. ही पद्धत १९९३ ला कामलूप्सला सुरू झाली म्हणे. आमच्या हिनं मोठ्या हौसेनं अस्वल घेतलं आणि गोल झाल्यावर असं फेकलं की ते दोन रांगा पुढच्या गृहस्थाच्या टकलावर. त्यांनी वळून बघितलं, हसले, आणि तिच्या वतीनं परत फेकलं.

एप्रिलमधली विंडसरबरोबरची सिरीज मी मरेपर्यंत विसरणार नाही. सातपैकी चार जिंकायच्या, रेंजर्स पहिल्या तिन्ही हरले. तिसरी तर घरच्या मैदानावर. मी म्हटलं संपलं, चला, नातवाचे डायपर बदलू. चौथी जिंकले, बरं, अब्रू राहिली. पाचवी जिंकले. सहावी जिंकले. शेवटची विंडसरला, आम्ही सगळे बाईंच्या तळघरात टीव्हीसमोर, आणि ती पण जिंकले! गोलकीपर जॅक्सन पार्सन्स, त्या वर्षी लीगचा सगळ्यात भारी गोलकीपर ठरला तो, त्याच्यासाठी आमच्या हिनं हात जोडलेले. मग पुढं लंडन आलं, म्हणजे ओंटारियोतलं लंडन, आणि त्यांनी सरळ ४-० नं आमचा निकाल लावला. त्याआधीच्या दोन राउंडमध्येही ते एकही मॅच हरले नव्हते, पुढं लीगही त्यांनीच घेतली आणि १ जूनला रिमूस्की गावात मेडिसिन हॅटच्या टीमला ४-१ हरवून मेमोरियल कपही. तो स्कोअर मी कऱ्हाडात चहा पिताना मोबाइलवर बघितला आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या हिला सांगितला, तर ती म्हणाली लंडनवाल्यांचं काय ते मला सांगू नका.

लंडनकडून हरल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारचा पोरगा बॅग भरायला लागला. निघताना मला टेपचा एक रोल देऊन गेला. इथं आणलाय.

तर साहेब, सांगायचं हे की राज्यस्तरावर आपल्याकडं बातमी चांगली येते, अमुकनं दोन मिनिटं दहा सेकंद पळती केली, तमुकनं चार गडी टिपले, मी कात्रणं ठेवलीत. पण तालुका आणि जिल्ह्याला खेळणाऱ्या पोरीला तिचं नाव पेपरात यायचा तोच एक चान्स असतो, कारण त्यातल्या बऱ्याच जणी पुढं खेळणारच नाहीत, दहावी होईल, लग्न होईल, कुणी पुण्याला कामाला जाईल. सात हजार माणूस नको, भोंगा नको. अकरा मान्यवरांपैकी सहा छापा, राहिलेल्या पाचांचे फोन आले तर माझा नंबर द्या, मला सवय आहे. स्कोअरशीट शाळांकडं असतंच, त्याचा मोबाइलवर फोटो काढून पाठवा असं आपण एकदा पेपरात जाहीर करा, मग बघा किती येतात. आणि जमलं तर शीटवर खो देणारीची एक रकाना वाढवून नोंद ठेवायचा प्रयोग आमच्या शाळेत मी या दिवाळीनंतर करून बघतोय, मुख्याध्यापकांनी हो म्हटलंय, पंचांनी अजून नाही.

त्या फोटोतल्या बाराही पोरींची नावं मी शाळेत जाऊन लिहून आणलीत आणि सोबत वेगळ्या कागदावर जोडलीत, मागच्या रांगेत डावीकडून कोण उभी आहे तेही लिहिलंय, ज्या दोघींचं कपाळ दिसतंय त्यांच्यापुढं खूण केलीय. एकीच्या आडनावात ळ आहे, ल छापू नका, ती मला दोनदा बजावून गेलीय. जागा कमी पडली तर माझं पत्र कुठंही कापा, ती नावं कापू नका.

आपला,
एक निवृत्त क्रीडा शिक्षक,
ता. कऱ्हाड, जि. सातारा